‘स्टँड बाय’ शिकवणारे नूरुद्दीनभाई

नूरुद्दीनभाई परकार शुक्रवारी दुपारी चार वाजता आमच्याकडे यायचे. जुम्म्याची नमाज, कामगारांच्या कॅम्पवर जेवण, मग अजमानच्या बाजूने येणारी शेअर टॅक्सी आणि शारजातल्या रोल्ल्याच्या चौकापासून पायी. चार म्हणजे चार. लिफ्ट बंद असली तर पाच मजले चढून येत, दारापाशी थांबून श्वास सारखा करत आणि मगच बेल वाजवत. मी आतून दाराच्या भिंगातून बघत असे, म्हणून मला हे ठाऊक.

ते मूळचे दाभोळचे. तिकडे एका हायस्कुलात आठ वर्षं इंग्रजी शिकवलं. जागा काही कायम होईना, म्हणून एक्क्याण्णव साली शारजात आले आणि इंडस्ट्रियल एरियात अ‍ॅल्युमिनियमची दारं-खिडक्या करणाऱ्या एका कंपनीत स्टोअरकीपर झाले. बायको अन्वरी आणि मुलगी फिझा गावी. पंच्याण्णवनंतर ते घरी गेले नव्हते. दोन वर्षांनी मिळणारी सुट्टी एकदा कंपनीच्या कामामुळे हुकली होती.

शिकवणीचं कारण आमचा नीरव. अठ्ठ्याण्णव साली तो तिसरीत होता. शाळेच्या डायरीत टीचर लांबलचक काहीतरी लिहायच्या, मी वाचायला घेतलं की तो डायरी ओढून म्हणायचा, “ममा, यू वोन्ट गेट इट. गिव्ह इट टु पप्पा.” हे अरुणना सांगितलं तर ते हसले. अरुण म्हणजे माझे यजमान. पण त्यांनीच नूरुद्दीनभाईंना शोधून आणलं. समोरच्या फ्लॅटमधल्या मनोरमाताईही बसायला लागल्या. फी ते घेत नसत. जाताना जेवणाचा डबा न्यायचा आणि पुढच्या शुक्रवारी घासून परत आणायचा, एवढंच ठरलेलं.

पुस्तक नसायचं. स्टोअरमधल्या जुन्या डिलिव्हरी नोटांचे गुलाबी कागद असायचे, कोऱ्या बाजूला वाक्यं लिहिलेली. इंग्रजीत दोन-दोन शब्दांची क्रियापदं असतात, ती आम्हाला काही केल्या कळत नव्हती. ते म्हणाले, “वहिनी, क्रियापद म्हणजे वर्कर आणि मागचा बारका शब्द म्हणजे कफील. वर्कर तोच असतो. कफील बदलला की त्याचं काम बदललं, गाव बदललं, नशीब बदललं.” कफील म्हणजे ज्याच्या व्हिसावर माणूस इथे राहतो तो मालक. मनोरमाताई म्हणाल्या, आता कसं डोक्यात शिरलं.

‘स्टँड बाय’ला आम्हाला दोन शुक्रवार लागले. स्टँड म्हणजे उभं राहणं, बाय म्हणजे शेजारी. पण दोन्ही मिळून नुसतं शेजारी उभं राहणं होत नाही, माणूस अडचणीत असताना त्याला न सोडणं होतं. मी वाक्य केलं, माय हजबंड स्टँड्स बाय मी. नूरुद्दीनभाईंनी मान हलवली. व्याकरण बरोबर आहे म्हणाले, पण कधी? काय झालं होतं? लग्नाच्या पंगतीत कुणी कुणाला स्टँड बाय करत नाही. आधी संकट सांगा, मग हा शब्द वापरा. मनोरमाताई म्हणाल्या, “मग माझं वाक्य होणारच नाही. आमचे हे भांडणात नेहमी भाजीवाल्याच्या बाजूला उभे राहतात.” ते खूप हसले. मग दुसरा वापर सांगितला. माणसाच्याच नाही, आपण दिलेल्या शब्दाच्या पाठीशीही माणूस उभा राहतो. तो शब्द पुढे जड झाला तरी.

मी हे सगळं वहीत उतरवून घेतलं. शिकवणीची आणि रोजची, माझी वही एकच. सकाळी पूजा झाली की वर ‘श्री स्वामी समर्थ’ लिहायचं आणि खाली आदल्या दिवसाचं जे असेल ते. लग्नाआधीपासूनची सवय. त्या वहीमुळेच आज तारखा चुकत नाहीत.

माझा धाकटा भाऊ दत्तप्रसाद नूरुद्दीनभाईंच्याच कंपनीत होता. फॅब्रिकेटर, म्हणजे चौकटी जोडून इमारतींवर बसवणारा. त्याला ती नोकरीही नूरुद्दीनभाईंनीच सांगितली होती. दोन वर्षं झाली आणि त्याला गणपतीला वेंगुर्ल्याला जायचं होतं. त्या कंपनीत सगळ्यांचे पासपोर्ट ऑफिसच्या कपाटात असत. सुट्टीवर जाणाऱ्याला पासपोर्ट हवा तर दुसऱ्या एका कामगाराने त्याची ग्यारंटी घ्यायची. छापील फॉर्म होता. हा माणूस अमुक तारखेला परत येईल, नाही आला तर तो येईपर्यंत किंवा वर्ष होईपर्यंत माझी सुट्टी बंद, माझा पासपोर्ट मिळणार नाही. खाली सही. पैसे भरून सुटका नव्हती. मॅनेजरला पैसे नको होते, माणसं परत यायला हवी होती.

दत्तप्रसादला सही द्यायला कुणी तयार होईना. मे महिन्यात त्याच्या डोळ्यांदेखत त्याच्या टोळीतला एक माणूस इमारतीच्या परातीवरून, म्हणजे परांचीवरून, खाली पडला होता. तेव्हापासून तो गप्प गप्प असायचा, हा गेला की येत नाही असं कॅम्पवर सगळे उघड म्हणायचे. तेव्हा शुक्रवारच्या शिकवणीनंतर डबा हातात देताना मीच नूरुद्दीनभाईंपाशी शब्द टाकला. त्यांनी एकदाच विचारलं.

“येईल ना वहिनी? डिसेंबरात मला जायचंय. ईद घरी करायची आहे.”

“येईल. माझा भाऊ आहे.”

त्यांनी दुसऱ्या दिवशी सही केली. दत्तप्रसाद वीस ऑगस्टला गेला. तीस सप्टेंबरला सुट्टी संपत होती.

सत्तावीस सप्टेंबर, रविवार. सकाळी अकराला फोन वाजला. दत्तप्रसाद वेंगुर्ल्याच्या बाजारातल्या बूथवरून बोलत होता. “ताये, मी परत येवचंय नाय. माका गोव्यात काम गावलाहा. त्या परातीर मी पुन्हा चढाचंय नाय. कोणाक सांगू नको.” मी रडले, रागावले, नूरुद्दीनभाईंचं नाव घेतलं. तो म्हणाला, कंपनी त्यांना खाणार आहे काय, चार दिवस ओरडतील आणि गप्प बसतील. फोन बंद झाला.

संध्याकाळी अरुणना सांगितलं. त्यांनी आधी दार लोटून घेतलं. मग म्हणाले, आपण यात पडायचं नाही. दत्तप्रसादच्या कागदांवर इथला नातेवाईक म्हणून माझं नाव आहे. आपल्याला काही माहीत नाही.

मला ते पटलं नव्हतं. पण पटलं नाही असंही मी म्हटलं नाही. नूरुद्दीनभाईंच्या स्टोअरचा नंबर माझ्या वहीच्या पहिल्याच पानावर होता. मी तो फिरवला नाही. भावाला सुबुद्धी व्हावी म्हणून अकरा गुरुवारांचा संकल्प सोडला. अकरा गुरुवार निर्जळी उपास केला, पोथी वाचली, दिवा विझू दिला नाही. एका माणसाला एक वाक्य सांगायचं होतं, ते सांगायचं सोडून मी देवाला मध्ये घातलं.

ऑक्टोबरात ते दर शुक्रवारी विचारायचे, भाऊ कधी येतोय. मी म्हणायची, कावीळ झाली होती, येईल. एकदा तर त्यांनी काविळीवर दाभोळचं झाडपाल्याचं औषध सांगितलं, आणि ते मी लिहून घेतलं. हेही लिहिलं पाहिजे.

नोव्हेंबरात त्यांना घरून पत्र आलं. अन्वरीभाभींच्या छातीत गाठ होती. रत्नागिरीच्या डॉक्टरांनी तपासून लवकर ऑपरेशन करा असं सांगितलं होतं. भाभी ऐकत नव्हत्या. ईदला फिझाचे अब्बा येतायत, ते आले की करू, परक्या माणसांसमोर मी एकटी झोपणार नाही, असं त्यांनी घरात सगळ्यांना सांगून टाकलं होतं. नूरुद्दीनभाईंनी ते पत्र मला वाचून दाखवलं आणि घडी करून खिशात ठेवलं. म्हणाले, महिना-दीड महिन्याचा प्रश्न आहे, इन्शाल्ला.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात त्यांनी अर्ज दिला. मॅनेजर म्हणाला, तुझा माणूस आण आणि तुझा पासपोर्ट ने. त्यांनी डॉक्टरांचा कागद दाखवला. मॅनेजरने तो वाचलासुद्धा, आणि वाईट वाटलं असंही म्हणाला. पण एकाला सोडलं तर उद्या कुणीच परत येणार नाही, म्हणाला. वकिलातीत तक्रार करता आली असती. मग नोकरी गेली असती, आणि ऑपरेशनही त्याच पगारावर व्हायचं होतं.

मॅनेजरने एक वाट मात्र दाखवली. दत्तप्रसादने आणि त्याच्या इथल्या नातेवाइकांनी आपल्याला फसवून सही घेतली अशी लेखी तक्रार द्यायची. नातेवाइकांना पोलिसांचं बोलावणं जाईल, ग्यारंटी रद्द होईल, पासपोर्ट मिळेल. नूरुद्दीनभाईंनी नकार दिला. हे मला त्यांनी नाही, त्यांच्या कंपनीतला ड्रायव्हर रिझवान, त्याने सांगितलं. तो आमच्या शेजारच्या इमारतीत खोली घेऊन राहायचा. तो म्हणाला, “भाई बोलले, सही करताना माझा हात कुणी धरला नव्हता. यल्ला, खलास, विषय संपला. काय माणूस आहे हा? तुमच्या घरासाठी हा आपलं घर जाळतोय, वहिनी.”

रमजान सुरू झाला तरी ते शिकवायला यायचे, फक्त पाणीही न पिता, आणि मगरिबच्या, सूर्यास्ताच्या नमाजाच्या आधी निघायचे. भाभींना त्यांनी तीन पत्रं लिहिली, दोनदा फोन केला, माझ्यासाठी थांबू नकोस म्हणून. कंपनी सोडत नाही हे भाभींना खरं वाटेना. माझं आजारपण ऐकून येण्याचं टाळतायत, असं त्या आपल्या नणंदेला म्हणाल्या. ते ऐकून नूरुद्दीनभाईंनी फोन करणंच सोडलं.

आठ जानेवारीचा शुक्रवार. मनोरमाताई सर्दीने आल्या नव्हत्या. नूरुद्दीनभाई फळ्याऐवजी वापरायच्या पुठ्ठ्यावर वाक्य लिहीत होते. मी म्हटलं, मला आधीच माहीत होतं. त्यांनी खडू खाली ठेवला.

“काय माहीत होतं?”

“दत्तप्रसाद येणार नाही ते.”

“कधीपासून?”

मला तोंडाने तारीख सांगवेना. मी वही आणली, पान काढलं आणि त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी चष्मा लावला. वर ‘श्री स्वामी समर्थ’ होतं, खाली माझं अक्षर. त्यांनी ते पान सावकाश, दोनदा वाचलं.

“सत्तावीस सप्टेंबर,” ते म्हणाले. “तीन दिवस होते हातात.”

मग त्यांनी समजावून सांगितलं. आवाज शिकवतानाचाच होता. सुट्टी संपायच्या आत ग्यारंटी घेणाऱ्याने ऑफिसला लेखी कळवलं, हा माणूस येत नाही म्हणून, तर त्याची जबाबदारी सुटते. फॉर्मच्या पाठीमागे लिहिलेलं होतं. मला ते माहीत नव्हतं. माहीत असतं तर मी फोन केला असता का, हे मी माझ्या देवासमोरही छातीठोक सांगू शकत नाही.

मी म्हटलं, ही वही न्या. मॅनेजरला दाखवा. तुम्हाला फसवलं हे यात आहे.

“तुम्ही येऊन सांगाल, वहिनी? मी नेली तर ती चोरलेली वही. तुम्ही आणलीत तर ती साक्ष.”

मी म्हटलं, अरुणना विचारते.

ते उठले. त्या दिवशी त्यांनी डबा नेला नाही.

अरुण ऐकूनच पांढरे पडले. पोलीस, नोकरी, व्हिसा, नीरवची शाळा, एकेक करून सगळं मोजून दाखवलं. खोटं काहीच नव्हतं त्यात. मी दोन दिवस जेवले नाही. तिसऱ्या दिवशी जेवले. ऑफिसला मी गेले नाही. नूरुद्दीनभाई त्यानंतर तीन शुक्रवार आले नाहीत आणि मग निरोप आला की शिकवणी यापुढे मनोरमाताईंकडे होईल.

अन्वरीभाभींनी ईदपर्यंत वाट पाहिली. ईदनंतरही महिनाभर पाहिली. फेब्रुवारीच्या शेवटी भावांनी जवळजवळ उचलूनच नेलं. डॉक्टरांनी ऑपरेशन केलं, पण गाठ आता एक राहिली नव्हती. बावीस मेला त्या गेल्या. रिझवान सांगायला आला तेव्हा मी ताक घुसळत होते. तो दारातच उभा राहिला, आत ये म्हटलं तर आला नाही. मय्यत त्याच दिवशी असरच्या, दुपारनंतरच्या नमाजानंतर झाली. इथून कुणी पोचणं शक्यच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरने स्वतः बोलावून पासपोर्ट देतो म्हटलं, चाळीस दिवसांची सुट्टीही. पण नियम तो नियम. नूरुद्दीनभाईंनाही ग्यारंटी हवी होती. ज्या माणसाचं काय झालं ते कॅम्पवरच्या दोनशे जणांनी बघितलं होतं, त्यालाच आता कुणी सही देईना. आता त्याचं इथे काय राहिलंय, लहान पोर सोडून हा परत कशाला येईल, असं जो तो म्हणायचा. त्यांचं चुकीचं म्हणता येणार नाही. चार दिवस फॉर्म तसाच पडून राहिला. पाचव्या दिवशी रिझवानने सही केली.

रिझवानची बायको श्रीवर्धनला पहिल्या बाळंतपणाला होती. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यातले दिवस होते. नूरुद्दीनभाई वेळेवर आले तरच त्याला जाता येणार होतं. मी त्याला विचारलं, तुला भीती नाही वाटत? तो म्हणाला, “वाटते ना वहिनी. रोज वाटते. पण भाईंना नाही दिली तर मग कुणाला द्यायची?”

दाभोळला काय झालं ते त्यानेच नंतर सांगितलं. फिझा तेव्हा अकरा वर्षांची होती. बापाला तिने चार वर्षांनी बघितलं होतं. पहिले पंधरा दिवस ती त्यांच्याशी बोलली नाही. अम्मी तुमची वाट बघत होती, एवढंच एकदा म्हणाली. नंतर मात्र ती त्यांना सोडीना. मशिदीपर्यंत मागे यायची, पायरीवर बसून राहायची. तिथल्या हायस्कुलाने त्यांना जुनी जागा देऊ केली होती, पुन्हा हंगामीच, पण गावात. बहीण म्हणाली, राहा. भाऊ म्हणाले, राहा. फिझाने त्यांची बॅग माळ्यावर नेऊन टाकली.

ते बहिणीला म्हणाले, इथे मी राहिलो तर तिथे एक बाई बाळंतखोलीत नवऱ्याची वाट बघत पडेल. एकदा झालं तेवढं पुरे. माळ्यावर चढून बॅग त्यांनी स्वतः काढली. फिझाला बहिणीकडे ठेवलं. एस्टी सुटेपर्यंत पोरगी खिडकीचा गज धरून होती म्हणे, कंडक्टरने बोटं सोडवली.

चाळीस दिवसांची सुट्टी होती. अडतिसाव्या दिवशी ते कामावर हजर झाले. रिझवान त्याच आठवड्यात गेला, आणि मुलगा झाला तेव्हा तो तिथेच होता.

ते आल्याचं कळलं तसं मी एका सकाळी रोल्ल्याच्या टॅक्सी स्टँडवर जाऊन थांबले. स्टोअरचं सामान घ्यायला ते गुरुवारी त्या बाजूला येतात हे मला माहीत होतं. दाढी सगळी पांढरी झाली होती. मी आजूबाजूच्या माणसांचा विचार न करता हात जोडले आणि माफी मागितली. त्यांनी हातातली पिशवी खाली ठेवली.

“वहिनी, माझं जे काही होतं ते मी सोडलं. पण यातली माफी अन्वरीची आहे. ती माझ्याजवळ नाही, मी कुठून देऊ?”

नीरव कितवीत गेला, ते त्यांनी विचारलं. मी सांगितलं. अजमानची टॅक्सी भरत आली होती, ते जाऊन बसले.

दत्तप्रसादला मी पत्राने सगळं कळवलं. त्याचं उत्तर आलं नाही. वर्षाने त्याचं लग्न झालं, त्याला मी गेले नाही. आईने कारण विचारलं तेव्हा नीरवची परीक्षा सांगितली. सवय लागलेली असते. गुरुवार मी अजून करते, पण त्यात काही मागत नाही. मागायला बसलं की पहिलं नाव त्या बाईचं येतं, जिला मी कधी बघितलं नाही, आणि तिच्यासाठी आता मागण्यासारखं माझ्या हाती काही नाही.

नूरुद्दीनभाई दोन हजार दोनच्या डिसेंबरात कायमचे दाभोळला गेले. फिझा दहावीला बसणार होती. मनोरमाताईंकडची शिकवणी शेवटच्या शुक्रवारपर्यंत चालू होती. मी तिकडे जात नसे. समोरचंच दार, आवाज ऐकू यायचा.

दत्तप्रसादनंतरच्या चार वर्षांत त्यांनी कंपनीतल्या आणखी सहा जणांना ग्यारंटी दिली, असं रिझवान सांगतो. कुणी विचारलं तर म्हणायचे, सगळेच घाबरले तर या कॅम्पवरून कुणीच घरी जाणार नाही. त्यातले दोघे वेंगुर्ल्याचे होते, माझ्या माहेरच्या गावचे. सहाही जण परत आले.